आधी वृद्धांना घरे

जपानच्या ह्योगो प्रांतात १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोबे शहर, त्याच्या आसपासची गावे आणि समोरचे आवाजी बेट मिळून ६,४३४ माणसे दगावली. त्यांत निम्म्याहून अधिक साठी उलटलेली होती. आपत्तीतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांचे पुढे काय होते, हा प्रश्न जपानमध्ये ठळकपणे पुढे आला तो या भूकंपानंतर. पुढच्या तीस वर्षांत तिथे बरेच प्रयोग झाले. काही फसले, काही जमले. फसलेल्यांतला सर्वांत मोठा प्रयोग अगदी चांगल्या हेतूने केलेला होता.

वृद्ध जास्त का मेले, याचे कारण त्यांच्या वयापेक्षा त्यांच्या घरांत होते. कोबेच्या नागाता भागात जुन्या लाकडी घरांच्या दाट ओळी होत्या. आपल्याकडच्या बैठ्या चाळीसारखी ही रचना, तिला तिकडे ‘नागाया’ म्हणतात. भाडे कमी, म्हणून निवृत्त कामगार, विधवा, एकटी माणसे तिथेच राहिलेली. छपरावर मातीच्या थरात बसवलेली जड कौले, खाली वाळवीने पोखरलेले खांब. म्हातारी माणसे जिना टाळण्यासाठी तळमजल्यावर झोपत, आणि कोसळताना आधी बसला तो तळमजला. बहुतेक मृत्यू चिरडून किंवा गुदमरून झाले. नंतर लागलेल्या आगींनी नागाताचे मोठे भाग जाळून टाकले.

ही घरे वाईट होती, पण तिथली वस्ती वाईट नव्हती. नागाता हे कृत्रिम चामड्याच्या पादत्राणांच्या धंद्याचे केंद्र होते. लहान लहान कारखान्यांतून तुकड्यावर काम घरी येई आणि सत्तरीतल्या बायकाही थोडेफार शिवणकाम, चिकटवणे करून चार पैसे मिळवत. पुष्कळ घरांत न्हाणीघर नसे, त्यामुळे संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृहात जावे लागे. सरकते दार उघडले की थेट गल्ली. कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा आला नाही, हे विचारावे लागत नसे.

अशा माहितीची किंमत भूकंपाच्या दिवशीच दिसली. आवाजी बेटावरच्या होकुदान गावात ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सुमारे ३०० जणांना शेजाऱ्यांनी आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने त्याच दिवशी बाहेर काढले. कुठल्या घरातली म्हातारी कुठल्या खोलीत झोपते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून कुठे खणायचे हेही ठाऊक होते. दुपारपर्यंत शोध पुरा झाला. कोबेतही पहिल्या काही तासांत सुटका झालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच वाचवले.

त्यानंतर निवारा केंद्रांचा काळ आला. तीन लाखांहून अधिक माणसे शाळांच्या व्यायामशाळांत, सभागृहांत लाकडी फरशीवर झोपत होती. ऐन जानेवारीचा गारठा होता आणि नळाला पाणी नव्हते. शौचालये तुंबली आणि अंधारात तिथवर जायला नको म्हणून म्हाताऱ्या माणसांनी पाणी पिणेच कमी केले. निर्जलीकरण, फ्लू, न्यूमोनिया, जुना हृदयविकार बळावणे, अशा कारणांनी माणसे भूकंपानंतर आठवड्यांनी मरू लागली. या मृत्यूंना ‘आपत्ती-संबंधित मृत्यू’ म्हणून सरकारी मान्यता मिळाली. ह्योगोमध्ये अशा मृत्यूंची संख्या नऊशेच्या वर गेली आणि त्यांत वृद्धांचा भरणा होता. ६,४३४ या आकड्यात हे मृत्यूही धरलेले आहेत.

माणसांना व्यायामशाळांतून लवकर हलवणे भाग होते. प्रांतात ४८,३०० तात्पुरती घरे उभारली गेली. जपानी भाषेत त्यांना ‘कासेत्सु’ म्हणतात. पोलादी सांगाडा, पातळ भिंती, दोन लहान खोल्या आणि जेमतेम ओटा. शहरात मोकळी जागा नव्हती, म्हणून वसाहती पोर्ट आयलंड, रोक्को आयलंड या समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटांवर किंवा डोंगरापलीकडच्या सेइशिन उपनगरात झाल्या. आणि घरे द्यायची कुणाला, तर आधी वृद्धांना, अपंगांना आणि एकल मातांना. त्यांच्यातही अर्ज जास्त आणि घरे कमी, म्हणून सोडत.

कागदावर या धोरणात खोट काढायला जागा नव्हती. सर्वांत अशक्त माणसाला सर्वांत आधी छप्पर, यापेक्षा न्याय्य काय असणार? पण सोडतीत नाव निघाले ते एकेकाचे. एकाच गल्लीतली चार घरे चार वसाहतींत गेली. ज्या धडधाकट शेजाऱ्यांच्या आधारावर म्हातारी माणसे आजवर एकटी राहत होती, ते प्राधान्याच्या यादीत मागे पडले आणि केंद्रांतच थांबले. पहिल्या वसाहतींत सगळेच वृद्ध, सगळेच आजारी, सगळेच एकमेकांना अनोळखी. सार्वजनिक स्नानगृह नाही, नेहमीचा डॉक्टर नाही, बाजार बसने जाण्याइतका दूर. वाटेवर खडी पसरलेली, त्यामुळे काठी टेकत चालणाऱ्याला पोस्टापर्यंत जाणे हेही काम होऊन बसले. न्हाणीचा उंबरा इतका उंच की गुडघे दुखणाऱ्याने आंघोळ टाळावी.

१९९५ च्या वसंतापासूनच या घरांत एकटी माणसे मेलेली सापडू लागली. कुणाचा मृत्यू दोन दिवसांनी कळला, कुणाचा महिन्याने. अशा एकाकी मृत्यूला ‘कोदोकुशी’ म्हणतात. शेवटचे कासेत्सु २००० च्या जानेवारीत रिकामे होईपर्यंत ह्योगोच्या तात्पुरत्या घरांत असे २३३ मृत्यू नोंदले गेले.

या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांत डॉ. नुकादा इसाओ हे नाव महत्त्वाचे आहे. सेइशिनच्या वसाहतीजवळ त्यांनी दवाखाना चालवला आणि १९९९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसलेले चित्र अपेक्षेपेक्षा वेगळे होते. एकाकी मरणाऱ्यांत ऐंशीच्या आजीबाई कमी आणि पन्नाशी-साठीतले पुरुष जास्त होते. नोकरी गेलेली, उत्पन्न तुटपुंजे, जुनाट आजार, लग्न न झालेले किंवा मोडलेले, आणि दिवसभर दारू. म्हाताऱ्या बायका महिन्याभरात शेजारणीशी ओळख काढत, लोणच्याची वाटी इकडून तिकडे जाई. पुरुषाची ओळख त्याच्या कामावर उभी होती, आणि कारखान्याबरोबर तीही जळाली. सरकारी मदतीच्या दृष्टीने हा पुरुष ‘वृद्ध’ही नव्हता. पासष्ट पूर्ण नाहीत, म्हणून देखरेखीच्या यादीत नाव नाही.

१,०६० घरांची सेइशिन क्रमांक ७ ही वसाहत कोबेतली सर्वांत मोठी. ताकाराझुकाच्या रुग्णालयात उपमुख्य परिचारिका असलेल्या कुरोदा हिरोको नोकरी सोडून तिथे आल्या आणि सहकाऱ्यांसह वसाहतीतच तळ ठोकून त्यांनी चोवीस तासांची देखरेख सुरू केली. काम दिसायला साधे होते. सकाळी दारावर टकटक, दारातले वर्तमानपत्र उचलले आहे का हे बघणे, विजेचे मीटर फिरते आहे की नाही, दिवसा दिवा चालू का, रात्री बंद का. रिकाम्या बाटल्या किती साठल्या यावरूनही घरातल्या माणसाची तब्येत कळते. कुरोदा हे काम पुढे २०११ च्या त्सुनामीनंतर केसेन्नुमा इथेही करत राहिल्या. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वयंसेवकांनी काढलेली दुसरी पद्धत पाय धुण्याची. विद्यार्थी गरम पाण्याचे घमेले घेऊन येत, म्हाताऱ्या माणसाचे पाय त्यात सोडत आणि समोर बसून त्यांचे हात चोळत. दहा-पंधरा मिनिटे. प्रश्न विचारायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही. पाय गरम झाले की माणूस आपोआप बोलू लागतो: मुलाविषयी, सांधेदुखीविषयी, जळालेल्या देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोविषयी. ही पुटपुट नंतर वहीत टिपून ठेवत, कारण औषध संपले आहे किंवा शेजारचा रात्री ओरडतो, ही कामाची माहिती तिथेच मिळे. सल्लागाराच्या खोलीत जे म्हातारे कधीच गेले नसते, ते घमेल्यापाशी रांगेत बसत. १९९५ मध्ये कोबेत सुरू झालेली ही पद्धत नंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या भूकंपात वापरली गेली.

भूकंपानंतरच्या वर्षभरात तेरा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले असा अंदाज आहे. त्यातूनच १९९८ चा ना-नफा संस्थांचा कायदा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आपद्ग्रस्तांना आयुष्य पुन्हा उभे करण्यासाठी थेट रोख मदत देणारा कायदा मंजूर झाला. निशिनोमियात राहणारे लेखक ओदा माकोतो यांनी त्यासाठी चळवळ उभारली होती. तोवर सरकारची भूमिका अशी होती की खासगी घर ही खासगी मालमत्ता, तिच्यासाठी कर्ज घ्यावे. सत्तर वर्षांच्या माणसाला कर्ज कोणती बँक देणार, हा साधा प्रश्न होता. सुरुवातीला दहा लाख येनपर्यंत असलेली मदत पुढे तीस लाखांपर्यंत वाढली. कोबेच्या वृद्धांना मूळ कायदा मागच्या तारखेने लागू झाला नाही. त्यांच्यासाठी वेगळी, तुटपुंजी सोय करण्यात आली.

तात्पुरत्या घरांतून माणसे गेली ती सरकारी पुनर्वसन वसाहतींत. जुन्या पोलाद कारखान्यांच्या जागेवर समुद्रकाठी उंच इमारती उभ्या राहिल्या. घरे उत्तम होती. भूकंपरोधक रचना, लिफ्ट, आधाराचे कठडे, काहींत धोक्याची घंटा आणि ठरावीक वेळेत पाणी वापरले गेले नाही तर इशारा देणारी यंत्रणा. सुमारे तीस वृद्ध घरांमागे एक ‘जीवनसाहाय्य सल्लागार’ नेमला होता. पण इथेही सोडत झाली आणि कासेत्सुच्या तीन-चार वर्षांत जुळलेल्या ओळखी पुन्हा मोडल्या. शिवाय दार पोलादी होते. पातळ भिंतीतून शेजाऱ्याचा खोकला ऐकू यायचा त्याची आधी तक्रार होती. आता सातव्या मजल्यावर दार बंद झाले की काहीच ऐकू येत नाही, ही तक्रार झाली. कासेत्सु बरे होते, असे म्हणणारे वृद्ध त्या काळात सर्वेक्षण करणाऱ्यांना वारंवार भेटले. २००० नंतरच्या दोन दशकांत या पुनर्वसन वसाहतींत हजाराहून अधिक एकाकी मृत्यू नोंदले गेले. म्हणजे कच्च्या घरांपेक्षा पक्क्या घरांत जास्त, अर्थात काळही जास्त.

याला अपवाद म्हणून नागाताच्या मानो भागाकडे बोट दाखवले जाते. कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध १९६० च्या दशकापासून इथले रहिवासी संघटित होते. भूकंपाच्या दिवशी त्यांनी आणि तिथल्या एका कारखान्याच्या अग्निशमन पथकाने मिळून आग आटोक्यात आणली. नंतर त्यांनी सामूहिक घरांची मागणी लावून धरली आणि १९९८ च्या सुरुवातीला २९ घरांची इमारत उभी राहिली. प्रत्येकाचे घर स्वतंत्र, पण स्वयंपाकघर आणि जेवणघर एक सामायिकही, आणि गॅलऱ्या एकमेकींना जोडलेल्या. ह्योगोत अशी दहा ठिकाणे झाली. त्यांचे कौतुक जरा बेतानेच करावे लागते, कारण रहिवासी आणखी म्हातारे झाल्यावर एकत्र जेवण रांधणारे हात उरले नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी पंगती विरळ होत गेल्या.

कोबेच्या कहाणीतला सर्वांत कटू भाग वीस वर्षांनी आला. पुनर्वसनासाठी घरे कमी पडल्याने प्रशासनाने काही इमारती मालकांकडून वीस वर्षांच्या कराराने भाड्याने घेतल्या होत्या. २०१५ च्या सुमारास मुदती संपू लागल्या आणि रहिवाशांना घर सोडण्याच्या नोटिसा गेल्या. आत येताना ही मुदत आपल्याला स्पष्ट सांगितली नव्हती, असे अनेकांचे म्हणणे होते. ताकाराझुका आणि इतामी या शहरांनी सगळ्यांना राहू दिले. कोबेने ८५ वर्षांवरील, तीव्र अपंगत्व असलेल्या किंवा जास्त शुश्रूषेची गरज असलेल्यांनाच सूट दिली आणि न निघणाऱ्यांवर २०१६ पासून खटले भरले. पहिल्या निकालात न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. साठीत भूकंप भोगलेल्या आणि सत्तरीत नव्या शेजाऱ्यांशी जमवून घेतलेल्या माणसांना ऐंशीच्या घरात तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलवायला सांगणे कायद्याने बरोबर ठरले. शहाणपणाने ठरले नाही.

दरम्यान डोंगरातल्या एका गावाने वेगळी वाट दाखवली होती. २३ ऑक्टोबर २००४ च्या संध्याकाळी निइगाता प्रांतात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ६८ मृतांत वृद्धच जास्त होते आणि कित्येक जण भूकंपानंतरच्या धक्क्याने, थकव्याने किंवा मोटारीत दिवसेंदिवस पाय दुमडून झोपल्याने रक्तात गाठी होऊन गेले. यामाकोशी गावाचे सगळे रस्ते दरडींनी तुटले. सुमारे २,२०० माणसांना हेलिकॉप्टरने नागाओका शहरात आणले. पहिल्या गडबडीत वाड्या-वस्त्यांची माणसे वेगवेगळ्या केंद्रांत विखुरली होती, पण गावाने काही दिवसांतच केंद्रांची अदलाबदल करून एका वाडीची माणसे एका छताखाली आणली. तात्पुरती घरेही वाडीवार दिली. सोडत नाहीच. कोबेत जे चुकले ते इथे ठरवून टाळले गेले.

यामाकोशी म्हणजे डोंगर-उतारावरची भाताची खाचरे, रंगीत कोई माशांची तळी आणि बैलांच्या झुंजी. या झुंजींत हारजीत लागत नाही, बैल बिथरण्याआधी त्यांना सोडवतात. म्हाताऱ्यांचा जीव बैलांत अडकलेला, म्हणून बैलही हेलिकॉप्टरला टांगून खाली आणले गेले, आणि पुढच्याच वर्षी नागाओकात झुंजी भरल्या. तात्पुरत्या वसाहतीजवळ भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे मिळवले. आयुष्यभर माती उकरलेल्या बायकांना मुळे आणि वांगी लावायला मिळाली, आणि पिकले की वाटायला शेजार तोच जुना. पुरुष उजाडताच डोंगरावर जाऊन खाचरांचे बांध घालत. २००७ च्या अखेरीस साधारण सत्तर टक्के घरे गावात परतली. गाव यामुळे तरुण झाले असे नाही. लोकसंख्या घटतच गेली आणि आज ती हजाराच्या खाली आहे.

११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत ईशान्य जपानच्या तोहोकू किनाऱ्यावर सुमारे १५,९०० माणसे मेली. त्यांत साठीपुढची ६५ टक्के. कोबेचा धडा काही शहरांनी घेतला, काहींनी नाही. इशिनोमाकीसारख्या शहरात घरे इतकी कमी पडली की पुन्हा सोडतीवर यावे लागले. इवानुमा या छोट्या शहराने मात्र किनाऱ्यावरच्या सहा वाड्या वाडीवारच हलवल्या आणि नंतर त्यांची नवी वस्ती तामाउरा-निशि इथे एकत्र वसवली.

योगायोगाने इवानुमात त्सुनामीच्या सातच महिने आधी, ऑगस्ट २०१० मध्ये, ६५ वर्षांवरील रहिवाशांचे एक मोठे आरोग्य-सर्वेक्षण झाले होते. २०१३ मध्ये संशोधकांनी त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांना पुन्हा गाठले. आपत्तीआधीची आणि नंतरची स्थिती एकाच माणसात मोजता येणे फार दुर्मीळ. ज्यांचे घर गेले त्यांची स्मरणशक्ती आणि आकलन अधिक घसरलेले आढळले. नातलग किंवा मित्र गमावण्याशी मात्र असा संबंध दिसला नाही. दुःख कमी होते असा याचा अर्थ नाही. घराबरोबर जो रोजचा वावर जातो, दुकान, वाट, बोलणे, त्याचा मेंदूवर काय परिणाम होतो ते यातून दिसले. ज्यांचे येणेजाणे टिकले त्यांच्यात ही घसरण कमी होती. एकेकटे हलवलेल्यांचा लोकसंपर्क घटला आणि वाडीसकट हलवलेल्यांचा वाढला, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवले.

फुकुशिमात मात्र हलवणेच जिवावर बेतले. त्याच त्सुनामीमुळे अणुप्रकल्पात झालेल्या दुर्घटनेनंतर जवळच्या ओकुमा गावातल्या फुताबा रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना बसमध्ये बसवून तासन्‌तास प्रवास करायला लावला गेला. त्या स्थलांतरात आणि त्यानंतर चाळीसहून अधिक रुग्ण दगावले. संपूर्ण प्रांतात आपत्ती-संबंधित मृत्यू २,३०० च्या पुढे गेले. लाटेने तिथे मेलेल्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे.

तोहोकूतल्याच ओफुनातो शहरातल्या मास्साकी भागात २०१३ मध्ये ‘इबाशो’ नावाचे घर सुरू झाले. एमी कियोता यांच्या संस्थेच्या पुढाकाराने एक जुने शेतकरी घर उतरवून तिथे पुन्हा उभारले गेले. नियम एकच: वृद्धांनी इथे सेवा घ्यायला नाही, घर चालवायला यायचे. कॉफी करणे, भाजी पिकवणे, आठवडी बाजार मांडणे, पोरांना शिकवणे, हिशोब ठेवणे, सगळे त्यांच्याकडे. चहापानाच्या कार्यक्रमांना न फिरकणारे पुरुष सुतारकामाला आणि शेताला येतात, हा तोहोकूच्या बऱ्याच वसाहतींचा अनुभव. नुकादांनी कोबेत जे दुखणे दाखवले होते, त्यावरचा हा पहिला खरा उतारा म्हणावा लागेल. हीच कल्पना पुढे २०१३ च्या वादळानंतर फिलिपिन्समधील ओरमोक इथे आणि २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमधील मातातीर्थ इथे नेण्यात आली.

१ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पाला ७.६ तीव्रतेचा धक्का बसला. सुझु शहरात निम्म्याहून अधिक रहिवासी पासष्टीच्या पुढचे. गल्लीतला धडधाकट शेजारीही इथे सत्तरीचा. बर्फ आणि फुटलेल्या रस्त्यांमुळे अनेक वृद्धांना लांबच्या शहरांतल्या हॉटेलांत नेऊन ठेवले आणि वाड्या पुन्हा विखुरल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात वाजिमातल्या नव्या तात्पुरत्या घरांत अतिवृष्टीचे पाणी शिरले. नोतोत भूकंपाने थेट २२८ माणसे मेली. त्यानंतरच्या हालांनी मेलेल्यांची अधिकृत संख्या पहिल्याच वर्षात त्यापुढे गेली.